दसऱ्याच्या सकाळची बातमी

काही बातम्या पेपरची घडी घातली तरी मिटत नाहीत.

२०२२ च्या दसऱ्याला मी लखनौला मावशीकडे होते. लग्न होऊन ती तिकडे गेली, त्याला आता चाळीस वर्षे झाली. दाराला झेंडूचे तोरण बांधून झाले आणि चहाबरोबर पेपर हातात आला. आदल्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ हिमस्खलनात सापडली होती. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे अवघ्या १६ दिवसांत सर केली होती.

“आपल्याच पहाडातली पोर गं,” मावशी म्हणाली. उत्तरकाशी २००० सालापर्यंत उत्तर प्रदेशातच होती. मावशीच्या लेखी ती अजून घरातलीच.

मी त्या मुलीला कधी पाहिले नव्हते. तरीही श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. एव्हरेस्टने जिला सुखरूप परत पाठवले, ती इतरांना चढायला शिकवताना गेली, हेच मनातून जाईना.

घरात आणखी एक जण गप्प होते. मावशीच्या नातीने त्याच संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा फॉर्म भरून ठेवला होता. तिच्या आईने, माझ्या मावसबहिणीने, तो न बोलता कपाटात ठेवून दिला. मुलीने पाहिले, पण हट्ट केला नाही. तेच जास्त लागले.

संध्याकाळी ऐशबागचा रावण पाहून आल्यावर बहिणीने कपाट उघडले. “हवामान कोण बघतं, बरोबर कोण असतं, सगळं विचारून घे. मग बघू,” म्हणाली आणि फॉर्म लेकीच्या हातात दिला. तिचा हात थरथरत होता.

जानेवारी २०२४ मध्ये सविताला मरणोत्तर तेनझिंग नोर्गे पुरस्कार देण्यात आला. त्या रात्री मी लखनौला फोन केला. “तुझीच आठवण काढत होतो,” बहीण म्हणाली. पुढे बराच वेळ आम्ही दोघी नुसत्याच फोन धरून होतो.

तुमच्याही घरी असा एखादा फॉर्म असेल. भीती वाटणारच, ती मायेचीच असते. फक्त कपाटाला कुलूप लावण्याआधी एकदा लेकीशी बोला.