लॉन नको, रान द्या!

निवडणूक जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांत 'सुशोभीकरण' येतं. एक कमान, एक कारंजं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, कुंपणाआड चटईएवढं लॉन आणि रांगेत उभे केलेले एकाच जातीचे पाम. उद्घाटनाचा फलक झाडांपेक्षा उंच असतो. आपण त्याला 'गार्डन' म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. माझं म्हणणं सरळ आहे : ही बाग नाही, फसवणूक आहे. आणि ती खपते, कारण बाग आणि देखावा यांतला फरक आपल्याला दिसेनासा झाला आहे.

मी राहते त्या वस्तीत मैदानाच्या कडेला उंबर, करंज, शेवगा आणि बोरीची झाडं होती. साफसफाईच्या नावाखाली ती गेली आणि लॉन आलं. पहिल्याच उन्हाळ्यात ते वाळलं. दुपारी त्या सावलीत बसणाऱ्या बायका आता कुठे बसतात, हे कुणी विचारलं नाही. "जंगल माजलं होतं, साप निघाले असते, डास होतात" हे कारण मात्र सगळ्यांना पटलं. खरं तर साप उंदरांमागे येतो, उंदीर कचऱ्यामागे येतो आणि डास साचलेल्या पाण्यात होतात. कचरा उचलला नाही, गटार तुंबलं आणि शिक्षा मिळाली उंबराला!

कुणी म्हणेल, झाड ते झाड. एक जात काय नि दहा जाती काय, माणसाला काय फरक पडतो? पडतो. २००७ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या बागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रिचर्ड फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की जिथे वनस्पतींच्या जाती जास्त, तिथे येणाऱ्यांना मन हलकं झाल्याचा अनुभवही जास्त. २०१२ मध्ये त्याच शहरातल्या नदीकाठांचा अभ्यास मार्टिन डॅलिमर आणि सहकाऱ्यांनी मांडला, तेव्हा गोष्ट गुंतागुंतीची निघाली. वनस्पतींच्या प्रत्यक्ष संख्येशी लोकांच्या समाधानाचा मेळ बसला नाही. पण 'इथे खूप प्रकार आहेत' असं ज्यांना वाटत होतं, त्यांना जास्त बरं वाटत होतं. आणि कोणती जात कोणती, हे बहुतेकांना नीट ओळखता येत नव्हतं.

यावरून कंत्राटदार म्हणेल, लोकांना कळतच नाही तर पामच लावू. मी उलटा अर्थ काढते. ज्याला झाडांची नावं ठाऊक नाहीत, त्याच्याकडून ती काढून घेणं सोपं असतं. ओळख नसेल तर आनंदही निम्मा आणि तक्रारही निम्मी.

शिवाय वैविध्य ही चैन नाही, ती सुरक्षा आहे. मुंबईच्या रस्त्यांवर एकेकाळी हौसेने लावलेले रेन ट्री मिलीबगच्या किडीने मोठ्या संख्येने वठले. एकाच जातीची रांग असली की एकच कीड रस्ता उघडा पाडते. मिश्र झाडी असेल तर एक गेलं तरी बाकीची उभी राहतात. पळस-पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेमध्ये, कदंब पावसाळ्यात. वड, पिंपळ, उंबर वेगवेगळ्या वेळी फळतात, म्हणून पाखरांना वर्षभर काही ना काही मिळतं. पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला तर सावली म्हणजे निम्मं औषध. लॉन सावली देत नाही, पाणी मात्र रोज मागतं.

"आपल्या वस्तीत हे कसं होणार?" असं विचारणाऱ्यांनी धारावीला लागून, मिठीच्या काठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यावं. सुमारे ३७ एकरांची ही जागा एकेकाळी शहराचा कचरा टाकण्याची होती. १९८३ मध्ये तिथे रोप लावलं ते खेतवाडीत वाढलेल्या डॉ. सालिम अलींनी. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या ढिगावर रान उभं राहू शकतं, हे याच शहराने करून दाखवलं आहे. मग देवनारच्या धुरात वाढणाऱ्या पोरांना लॉन आणि कारंज्यावर का बोळवायचं?

आता थोडं आपल्या घरातलं. हिरवा रंग आपल्या झेंड्यावर आहे, दर्ग्याच्या चादरीवर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे. कब्रस्तानात मात्र अनेक ठिकाणी आपण झाडं तोडून फरशा घालतो आहोत. दाट वस्तीत उघडी माती उरलेली बहुधा तीच एक जागा असते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तरी तो सदका ठरतो, ही हदीस आपण जुम्म्याला ऐकतो आणि बाहेर पडून मशिदीच्या अंगणात सिमेंट ओततो. पाखराचा वाटा आपण कधी काढून टाकला?

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडं लावण्याची मोहीम काढली. आकडा सगळ्यांना आठवतो. कोणती झाडं, कुठे लावली, किती जगली, हे किती जणांना सांगता येईल? हेच आता विचारायचं आहे. शहरांतल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे आणि त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद आहे. आपल्या प्रभागात कोणत्या जातीची किती झाडं आहेत, हे माहिती अधिकारात मागा. नव्या बागेचा आराखडा आला की झाडांच्या जातींची यादी मागा. कब्रस्तानाच्या कमिटीत जाऊन फरशीऐवजी कडुनिंब, करंज, उंबर सुचवा. आणि घरी गॅलरीत डब्यात एक लिंबाचं रोप लावा; आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं.

नळ, गटार, शाळा, दवाखाना यांसाठी आपण भांडायला शिकलो. त्या यादीत आता उंबरही घाला. 'थोडी हिरवळ दिली ना' असं म्हणत कुणी पुढे आलं, तर त्याला आधी एवढंच विचारा : यातली किती झाडं तुम्हाला नावाने ओळखता येतात? आणि त्याने उलट तोच प्रश्न विचारला, तर उत्तर तयार ठेवा.