साठी आली म्हणून बुद्धी नाठी?

आमचे दादा, माझे थोरले बंधू, म्हणजे घरातलं चालतंबोलतं पंचांग. कुणाची मुंज कधी झाली, कुठला वाडा कुणाच्या वाटणीला गेला, सगळं तोंडपाठ. चिपळूणला २०२१ च्या जुलैत महापूर आला. त्याच्या पुढच्या वर्षी हेच दादा बाजारातून घरी येताना वाट चुकले. आम्ही म्हटलं, "ऐंशी जवळ आली, चालायचंच!" मग सीटी स्कॅन काढलं. 'मेंदू थोडा आकसलाय' एवढे शब्द ऐकले आणि जन्मभर मास्तरकी केलेला मीसुद्धा तोच अखेरचा निकाल समजून बसलो. वर्ष फुकट गेलं.

शेवटी पुतणीने हट्टाने रक्त तपासून घेतलं. बी-१२ अगदी तळाला! जन्माचे शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन. या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं हे आमच्या गावीही नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली. चार-पाच महिन्यांनी दादांनी माझी चुकलेली तिथी दुरुस्त केली, तेव्हा मला भरून आलं. पायांच्या मुंग्या मात्र राहिल्याच. ती आमच्या उशिराची किंमत.

नंतर वाचत गेलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा अभ्यास आहे. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ कमी! ऑक्सफर्डच्या २०१० च्या अभ्यासात, विस्मरण नुकतं सुरू झालेल्या वृद्धांना दोन वर्षं ब गटातली जीवनसत्त्वं दिली, तर मेंदू आकसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. दारू सुटली की आकसलेला मेंदू काही अंशी भरून येतो. थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, मेंदूत साठलेलं पाणी, यांनीही माणूस विसराळू होतो, आणि यांवर उपचार आहेत.

प्रत्येक विस्मरण बरं होतं असं मी म्हणत नाही. अल्झायमर आहेच. पण आधी बरी होण्याजोगी कारणं तपासा, मग वयावर खापर फोडा.

वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलाला आम्ही 'ढ' म्हणून मोकळे व्हायचो. कित्येकदा त्या बिचाऱ्याला फळाच दिसत नसायचा. चष्मा लागला की तोच मुलगा घडाघडा वाचू लागे. दादांच्या बाबतीत मी तीच चूक पुन्हा केली.

असो. तुमच्या घरातल्या दादांची तपासणी झाली का?