टाचेतले रक्त आणि नियोजनकारांचा हिशेब

जन्मतः ठणठणीत दिसणारा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकू लागतो, दूध सोडतो, सुकत जातो. घरातील म्हातारी दृष्ट लागली म्हणून त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवते. त्याच वेळी त्याच्या शरीरातील मीठ लघवीवाटे वाहून जात असते. दवाखान्यात जुलाब-वांती किंवा जंतुदोष अशी नोंद होते आणि मूल दगावते. अधिवृक्क ग्रंथींतील एक विकर आनुवंशिक दोषाने निकामी असल्यामुळे कॉर्टिसॉल व मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही, हे खरे कारण कागदावर येतच नाही. मुलीच्या जननेंद्रियांच्या वेगळ्या ठेवणीवरून निदान शंका तरी येते. मुलाच्या बाबतीत तेवढाही इशारा नसतो.

या रोगावर कॉर्टिसोनचा इलाज १९५० पासून ज्ञात आहे. टाच टोचून टिपकागदावर घेतलेल्या रक्तातील १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन मोजले की रोग ओळखता येतो, हेही १९७७ पासून माहीत आहे. तरी आपल्याकडे उत्तर ठरलेले: गरीब देशाला दुर्मिळ रोगांची चैन परवडत नाही!

हा रोग किती दुर्मिळ आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली गेली, तेव्हा ५,७६२ बालकांमागे एक रुग्ण आढळला. देशात वर्षाला सव्वादोन कोटींवर जन्म होतात; म्हणजे सुमारे चार हजार बालके. तरीही २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस विकारांच्या यादीत या रोगाला स्थान मिळाले नाही. त्याच पाहणीत जन्मजात थायरॉइड-न्यूनता १,१३० बालकांमागे एकाला आढळली. तिच्या चाचणीला लागणारे रक्त त्याच टिपकागदावरचे. टाच टोचणारी परिचारिका, टपाल, प्रयोगशाळा हा खर्च दोन्ही चाचण्यांत विभागला जातो. संयुक्त खर्चाचा हा प्राथमिक धडा नियोजनकारांना नव्याने शिकवावा लागावा, हे नवल आहे.

बाजार मात्र शिकलेला आहे. खाजगी प्रसूतिगृहांत हीच चाचणी ‘पॅकेज’मध्ये विकली जाते. यात नवे काही नाही. रॉबर्ट गथ्री यांनी दुसऱ्या एका जन्मजात रोगासाठी टिपकागदाची पद्धत रूढ केली. त्यांच्याकडे सुमारे ६ डॉलरांत बनणारा संच कंपनीने २६२ डॉलरांना विकायला काढला. १९६५ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये त्याची वाच्यता झाली. सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनावरची ती मक्तेदारी सरकारलाच मोडावी लागली.

एक आक्षेप खरा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हे संप्रेरक रोगाविनाही वाढलेले दिसते आणि खोटी धास्ती निर्माण होते. पण त्यावर वजनानुसार मर्यादा ठरवणे व दुसरी, अधिक नेमकी चाचणी करणे हे उपाय आहेत. चाचणीच न करणे हा उपाय नव्हे. ज्या आईवडिलांचे एक मूल या रोगाने गेले, त्यांच्या पुढच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. दोष दोघांकडून येतो, पण ‘कूस वाईट’ हा ठपका एकट्या आईच्या कपाळी बसतो.

रक्त घ्यायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि बाळंतीण तोवर घरी पोचलेली असते. आशा कार्यकर्तीची घरभेट तिसऱ्या दिवशी ठरलेलीच आहे. मात्र तिच्या झोळीत हा टिपकागद टाकणाऱ्यांनी आधी तिला शिक्षण आणि मानधनाऐवजी पगार द्यावा, आणि सातव्या दिवसाच्या भेटीपूर्वी तिच्या हाती निकाल पडेल अशी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी उभारावी.