बाळाची भूक आणि आईवरचा ठपका

२०१७च्या जूनमध्ये ज्या पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक राज्यभर गेली, तिथे अन्नाची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. दस्तरखानावर बसलेल्या लेकराला नानी ‘और ले बेटा’ म्हणणारच. पण काही लेकरांना हाच आग्रह घातक ठरतो.

या आजाराचे नाव प्रॅडर-विली सिंड्रोम. पंधरा-वीस हजार जन्मांमागे साधारण एक बाळ असे असते. जन्मतः ते लुळे असते, त्याला दूध ओढता येत नाही. घरचे आईला बोल लावतात. पुढे काही वर्षांत उलटेच होते. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, मूल चोरून खाते, वजन वाढत जाते. तेव्हाही ‘लाडावून ठेवलंय’ म्हणून बोलणी आईलाच!

खरे कारण पेशीत आहे. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवर ठिकठिकाणी बारीक रासायनिक बदल करावे लागतात. शिंपी कापडावर खडूने खूण करतो, तशी बदलाची जागा स्नोआरएनए नावाचे छोटे रेणू दाखवतात. पुढचे काम सोबतची प्रथिने करतात. अशाच रेणूंचा ‘स्नॉर्ड ११६’ हा गट पंधराव्या गुणसूत्रावर असतो. आईकडून आलेली त्याची प्रत सगळ्यांमध्येच बंद असते, चालते ती वडिलांकडची. ती गळाली किंवा आलीच नाही, तर हा आजार होतो. फक्त एवढाच तुकडा नसलेल्या मोजक्या रुग्णांतही मुख्य लक्षणे दिसली आहेत. हा गट नेमकी कुठे खूण करतो, याचा शोध मात्र अजून चालू आहे.

बहुतेक वेळा हा बदल आपसूक घडतो. गरोदरपणातले खाणे, ग्रहण, नजर यांचा त्याच्याशी संबंध नाही. दोष अम्मीचा नाही, अब्बांचाही नाही.

बाळ लुळे वाटले तर बालरोगतज्ज्ञांना या आजाराची शंका विचारा. रक्ताच्या मिथायलेशन तपासणीने जवळपास सर्व रुग्ण ओळखता येतात. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने उपयोगी पडतात. केंद्राच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात या उपचाराचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातील केंद्रांपैकी एक आहे.

घरात जेवणाच्या वेळा ठरवून पाळाव्यात. अशा घरात फडताळाला कुलूप दिसले, तर तो निर्दयपणा समजू नका. येत्या ईदला त्या लेकरापुढे शीरखुर्म्याची वाटी ठेवण्याआधी त्याच्या अम्मीला एकदा विचारा, एवढीच आमची विनंती.