पडलेल्यालाच विचारू नका

नोव्हेंबर उजाडला की नागपूरच्या रस्त्यांवरची पहाट बदलते. फुटाळा, सेमिनरी हिल्स, काटोल रोड, वर्धा रोड या भागांत साडेपाचच्या अंधारात सायकलींचे लाल दिवे एका रांगेत सरकताना दिसतात. विदर्भातला उन्हाळा सायकलस्वाराला फार वेळ रस्त्यावर टिकू देत नाही आणि पावसाळा रस्ता निसरडा करतो. त्यामुळे थंडीचे तीन-चार महिने हाच इथल्या हौशी सायकलपटूंचा खरा हंगाम. यातले कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवते, कोणाचे दुकान आहे. शर्यतीत मिळाले तर एखादे पदक मिळते. पण मागच्या वर्षीपेक्षा दोन मिनिटे कमी लागली, हा आनंद त्यांना पुरतो.

या छंदाला शहरात मोठी उदाहरणेही आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून लांबची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही त्यांनी पार केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली तीच शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली होती. शर्यत नसलेली, पण वेळेचे बंधन असलेली ‘ब्रेव्हे’ही आता ओळखीची झाली आहे. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत कापावे लागतात. या सगळ्यात एक गुण सर्वांत मोठा मानला जातो: काहीही झाले तरी सोडायचे नाही. सायकल चालवताना हा गुण उपयोगी पडतो. सायकलवरून पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मात्र तोच घात करू शकतो.

घोळक्यात सायकल चालवण्यामागे साधे गणित आहे. वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या मागे चिकटून राहिले तर हा खर्च बराच वाचतो. म्हणून पुढच्या सायकलचे मागचे चाक आणि आपले पुढचे चाक यांत वीतभर अंतर ठेवून माणसे ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जातात. सायकलचा तोल पुढचे चाक सतत किंचित डावी-उजवीकडे वळवून सांभाळला जातो. ते चाक पुढच्याच्या चाकाला घासले की वळायचे थांबते आणि मागचा क्षणात आडवा होतो. पुढच्याला बहुधा काहीच होत नाही. त्यात नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या दोन पट्ट्यांमधली लांबट फट, सिमेंट आणि बाजूची जमीन यांच्या उंचीतला फरक, रंग उडालेले गतिरोधक आणि पहाटेची भटकी कुत्री यांची भर पडते. अनुभवी माणूसही पडतो.

पडल्यावर होणारा संवाद सगळीकडे सारखाच असतो. ‘लागलं नाही ना?’ ‘नाही, ठीक आहे.’ कोपरावर बाटलीतले पाणी ओतले जाते, निघालेली साखळी बसवली जाते, हँडल सरळ केले जाते आणि पडलेला पुन्हा घोळक्यात मिसळतो. सायकलची तपासणी होते, माणसाची होत नाही. प्रश्न चुकीचा नाही, पण तो ज्याला विचारला जातो त्याच्या उत्तरावर विसंबणे चूक आहे. डोके आपटले असेल तर जो मेंदू हादरला आहे त्यालाच आपण विचारत असतो, की तू हादरला आहेस का?

जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीतही हे घडले आहे. ११ सप्टेंबर २०२० रोजी ‘टूर द फ्रान्स’च्या तेराव्या टप्प्यात फ्रान्सचा रोमँ बार्दे उतारावर जोरात पडला. उठताना त्याचा तोल गेला, पाय लटपटले. कॅमेऱ्यांनी ते जगाला दाखवले. तरीही तो पुन्हा सायकलवर बसला आणि उरलेले अंतर कापून शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला. संध्याकाळी रुग्णालयात केलेल्या तपासणीत मेंदूला धक्का बसल्याचे आणि थोडासा रक्तस्राव झाल्याचे निघाले. दुसऱ्या दिवशी तो शर्यतीत नव्हता. सोबत संघाची मोटार होती, डॉक्टर होते, तरीही हे घडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने डोक्याच्या दुखापतीसाठी स्वतंत्र नियमावली जाहीर केली. जागीच खूण दिसली तर स्वाराला शर्यतीतून बाहेर काढायचे आणि पुढेही लक्ष ठेवायचे, असा तिचा गाभा आहे.

आपल्याला क्रिकेटचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेला लागल्यावर स्टीव्ह स्मिथ मैदानाबाहेर गेला, तपासणीत ठीक ठरला आणि परतून फलंदाजीही केली. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. बदली खेळाडूचा हा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. लक्षणे उशिरा येऊ शकतात, हे त्या सामन्याने कोट्यवधी लोकांना दाखवले.

मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. डोके अचानक थांबले किंवा गरकन फिरले तर तो आत हलतो आणि पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. यात सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो. बेशुद्ध पडलाच पाहिजे, असेही नाही. हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. ते घातलेच पाहिजे. पण हेल्मेट मुख्यतः कवटी वाचवते. आतला मेंदू हलण्याचे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

म्हणून जागीच तीन गोष्टी पाहायच्या. माणूस गोंधळलेला आहे का? आज वार कोणता, आपण कुठून निघालो, पडण्याआधी काय घडले, हे त्याला सांगता येते का? उभा राहिल्यावर झोकांड्या जातात का? यातले एकही उत्तर शंकास्पद असेल तर त्या दिवशी सायकल नाही. मान दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या येत असतील तर त्याला उठवायचेही नाही. जागीच स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यायचे. कवटीच्या आत रक्तस्राव होत असताना काही जण आधी तास-दोन तास अगदी नीट बोलतात आणि मग झपाट्याने ढासळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. आजच्या हौशी सायकलपटूंत पन्नाशीचे अनेक जण आहेत, त्यातले काही हृदयासाठी अशा गोळ्या घेतात. त्यांनी डोके आपटल्यावर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

हाडांबाबतही पडलेल्याचा अंदाज फसतो. सायकलस्वार बहुधा खांद्यावर पडतो आणि कॉलर बोन मोडते, कारण हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा दुवा तेवढा एकच आहे. हे दिसते आणि दुखतेही, त्यामुळे सुटत नाही. सुटते ते मनगटातले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल आणि पहिला एक्स-रे स्वच्छ असेल, तरी ते मोडलेले असू शकते. त्याचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने, टोकाकडून येतो. दुर्लक्ष झाले तर हाडाचा तुकडा मरतो आणि मनगट कायमचे अधू होते. अशा वेळी मनगटाला आधार देऊन दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. हँडल पोटात घुसल्यावर यकृत किंवा प्लीहा फाटू शकते, वर साधा ओरखडाही नसतो. मुलांमध्ये हे विशेष लक्षात ठेवावे. खरचटलेल्या जागेवर हळद किंवा टूथपेस्ट नको. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने खडी-माती काढायची, स्वच्छ पट्टी बांधायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारायचे.

यानंतर सुरू होते ती परतण्याची घाई. मोबाइलवर व्यावसायिक खेळाडूंच्या कहाण्या असतातच. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत बेल्जियमच्या रेम्को एव्हनेपूलचे कॉलर बोन आणि खांद्याचे फावड्यासारखे हाड मोडले. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्याच्याकडे पॅरिस ऑलिम्पिकचे पहिले सुवर्ण होते आणि काही दिवसांत दुसरेही आले. ही कहाणी खरी आहे. पण तो तेव्हा चोविशीचा होता, बरे होणे हेच त्याचे पूर्ण वेळचे काम होते आणि कधी थांबायचे हे सांगणारी माणसे दिवसभर त्याच्याजवळ होती. पंचेचाळिशीचा, मधुमेह असलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस तेच वेळापत्रक उचलतो, तेव्हा तो फक्त अर्धी गोष्ट उचलत असतो.

हाड आपल्या गतीने जुळते. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा तयार होतो, सहा ते बारा आठवड्यांत तो टणक होतो. वेदना मात्र तिसऱ्या आठवड्यातच बरीच कमी होते आणि नेमका तिथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणजे जुळले, असे नव्हे. धूम्रपान आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह ही मुदत लांबवतात. प्लेट बसवली म्हणून हाड लवकर जुळते असेही नाही. प्लेट तुकडे जागेवर धरून ठेवते, जुळवण्याचे काम शरीरालाच करावे लागते. खांदा मात्र दीर्घकाळ बांधून ठेवला तर आखडतो. त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटे, कोपर आणि खांद्याचे हलके व्यायाम सुरू करावेत. घरातल्या स्थिर सायकलवर बसायची परवानगी रस्त्यापेक्षा बरीच आधी मिळते. घोळक्यात परतणे सर्वांत शेवटी, एक्स-रे पाहून.

मेंदूची मुदत वेगळी. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मोबाइल आणि संगणक कमीत कमी. मग चालणे, मग स्थिर सायकल, मग मोकळ्या रस्त्यावर एकट्याने. लक्षणे बळावली की एक पायरी मागे. लक्षणे संपल्यावरही प्रौढांनी किमान एक आठवडा आणि मुलांनी दोन आठवडे शर्यतीपासून दूर राहावे. मनाला लागलेला धक्काही मोजावा लागतो. वळणावर हात ब्रेकवर घट्ट आवळले जाणे हा भित्रेपणा नाही. ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगात, एका विश्वासू सोबत्याबरोबर सुरुवात केली की तो बहुधा ओसरतो. महिन्यांनंतरही झोपेत ते पडणे परत परत दिसत असेल तर मदत घ्यावी.

हे सगळे सांगणारा व्यावसायिक खेळाडूंकडे असतो, हौशी स्वाराकडे नसतो. ही उणीव भरून काढायला मोठा खर्च लागत नाही. नागपूर आणि विदर्भात शर्यती भरवणाऱ्यांनी या हंगामापासून एक नियम करावा: पडलेल्याने पुढे जायचे की नाही, हे तो स्वतः ठरवणार नाही. मार्गावर नेमलेला स्वयंसेवक वरचे तीन प्रश्न विचारेल आणि शंका आली तर त्याचा क्रमांक काढून घेईल. नोंदणीच्या अर्जावर रक्तगट, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन असावा. डोके आपटलेल्याला एकट्याने घरी जाऊ देऊ नये. रविवारच्या गटांनीही हाच नियम तोंडी का होईना, ठरवून घ्यावा.

स्वयंसेवक डॉक्टर नसतो, त्याला हा अधिकार कसा, असे कोणी म्हणेल. पण त्याला निदान करायचेच नाही. प्रकाश अपुरा वाटला तर पंच खेळ थांबवतो, तेवढेच त्याचे काम. कधी एखादा धडधाकट माणूसही उगाच थांबवला जाईल, तो चिडेल, त्याचे पदक हुकेल. पुढच्या रविवारी तो पुन्हा रस्त्यावर असेल. चुकून पुढे जाऊ दिलेल्याबद्दल अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही.