ऑइल फिल्टर नंबर पाहून घ्या, अंदाजाने नको



शेतकी खात्याने मोटारीच्या इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आज गटागटांत जीप, पिकअप, मोटारी झाल्या आहेत. शिवारात गेलो की बेण्याइतकीच गाडीची चौकशी आमच्याकडे होते. त्यात एक चाल वाढताना दिसते, तिच्याबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हांस जरूर वाटते.

आपल्या भागाचा करी रोड-लालबागशी जुना संबंध. गिरण्या चालू होत्या तेव्हा कितीतरी घरांतला एकजण तिथल्या चाळीत, नाहीतर गावमंडळाच्या खोलीत राहायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नाती मात्र राहिली. मंत्रालयाचे काम असो की परळच्या इस्पितळात पेशंट असो, मुक्काम करी रोडला. परत येताना हल्ली सोबत एक खोके येते. त्यात एकाच मापाचे, निम्म्या किमतीचे डझनभर ऑइल फिल्टर. ते भावकीत वाटले जातात. जीपला तोच, मोटारीला तोच. "आटे बसत्यात, मग चालतंय की!"

आमचे मत असे की, हे चालत नाही.

आटे बसतात, इथेच फसगत होते. काही इंजिनांची फिल्टर बसवायची नळी पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिलिमीटर असते; काहींची 20 मिलिमीटर. वीस मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंचीवर फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण पकड अपुरी राहते. चालू गाडीत तेलाच्या दाबाने तो निसटला तर तेल रस्त्यावर सांडते आणि इंजिन जाम होते. फिल्टरमागे वाचवलेल्या थोड्या रुपयांपायी ऊस बिलाचा हप्ता गॅरेजात जातो.

दुसरे, सारखे दिसणारे डबे आतून सारखे नसतात. ठिबकचा फिल्टर चोंदला की दोन गेजमधला फरक वाढतो, आपण पाणी थांबवून तो धुतो. चालत्या इंजिनाला तेलावाचून क्षणभरही थांबता येत नाही. म्हणून बायपास झडप असते. कागद चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झाले की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. न गाळलेले तेल वाईट, पण तेलच नसणे त्याहून वाईट. ही झडप किती दाबाला उघडावी, हे इंजिनागणिक वेगळे. काही इंजिनांत ती फिल्टरमध्ये नसतेच, इंजिनातच असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर आत रबरी पडदाही लागतो. तो नसला की गाडी बंद असताना तेल खाली उतरते आणि सकाळी चालू करताना इंजिन काही क्षण कोरडे खडखडते.

तिसरी गोष्ट मायक्रॉनची. ठिबकची 120 मेशची जाळी सुमारे 130 मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. इंजिनाच्या फिल्टरला त्याहून बारीक, वीस-तीस मायक्रॉनचे कण धरावे लागतात. पण त्या मापाचे शेकडा किती कण अडतात, हे सांगितले नसेल तर खोक्यावरच्या नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आणि भारी फिल्टर घेतला म्हणून तेल जास्त दिवस चालवू नये. करी रोडच्या पाहुण्याची गाडी गर्दीत तासन्‌तास जागेवर चालू राहते. किलोमीटर थोडे पडतात, पण तेल खराब होतच असते. आपल्याकडे फुफाटा. दोन्हीकडे काम कठीणच. तेव्हा गाडीच्या माहितीपुस्तकात कठीण वापरासाठी दिलेली कमी मुदत धरावी आणि तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

आपण को 86032 चे बेणे नंबराने मागतो. चोपण रानाला फुले 265 विचारतो. "कुठलंही बेणं द्या" असे कोणी म्हणत नाही. फिल्टरही तसाच मागावा. माहितीपुस्तकातला नंबर सांगावा, पावती घ्यावी, नाव-नंबर नसलेला डबा परत करावा. बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावावे. रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळावे. मग इंजिन चालू करून गळती पाहावी.

करी रोडच्या पाहुण्याला आमचा दोष नाही. तो प्रेमाने आणतो. त्याला पुढच्या वेळी गाडीवार नंबरांची चिठ्ठी द्यावी. एकत्र खरेदी ही तर आपली सहकाराचीच रीत. गटातील सभासदांनी आपल्या गाड्यांचे नंबर एका यादीत लिहून एकदम मागणी केली, तर चांगला माल वाजवी दरात मिळू शकेल. खरेदी सर्वांची एक असावी, फिल्टर मात्र ज्याचा त्याचा.