आधी ग्रिप्स बदला

आमच्या सायकलवाल्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी नव्या सायकलचा फोटो टाकतो आणि मग प्रश्नांचा पाऊस सुरू होतो. गिअर कुठले? डिस्क हायड्रॉलिक की केबलवाली? फोर्कला लॉकआउट आहे का? वजन किती? तीस-चाळीस हजारांच्या खरेदीची अशी साग्रसंगीत चौकशी होते. पण "बाबा रे, ग्रिप हातात नीट बसते का?" असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही नाही विचारलं.

माझी एमटीबी घेतली तेव्हा तिच्यावर कंपनीने दिलेल्या काळ्या रबराच्या ग्रिप्स होत्या. नुसत्या सरकवून बसवलेल्या. दीड वर्ष मस्त चालल्या. मग पुण्याचं ऊन, हाताचा घाम आणि पार्किंगमधली धूळ यांनी आपापलं काम केलं. रबर आधी गुळगुळीत झालं, मग चिकट. राइडहून आलो की तळहात काळे. आई म्हणायची, "आधी हात धू, मग पोह्यांना हात लाव." मी हात धुवायचो आणि विषय विसरून जायचो. चेन बदलली, टायर बदलले, ग्रिप्स मात्र आहेत तशाच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं हे असंच असतं. जे 'चालतंय' त्याला हात लावायचा नाही.

मग करंगळीला मुंग्या यायला लागल्या. आधी फक्त रविवारी दुपारी, नंतर सोमवारी ऑफिसमध्ये टाइप करतानासुद्धा. आता आयटीतल्या माणसाच्या हाताला मुंग्या आल्या की त्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? कार्पल टनेल! दहा-दहा तास कीबोर्डवर बसणाऱ्याच्या पोटावर पाय. खरं सांगतो, जाम टरकलो होतो. नवीन कीबोर्ड घेतला, उभा धरायचा माउस घेतला, खुर्चीचे हात वरखाली करून पाहिले. फरक शून्य.

शेवटी मावसबहिणीला फोन केला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने एकच प्रश्न विचारला, "कुठली बोटं रे?"

"करंगळी, आणि तिच्या शेजारचं अर्धं."

"मग कीबोर्डला कशाला शिव्या देतोस? कार्पल टनेलमध्ये अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. तुझी अल्नर नर्व्ह दबतेय. सायकलवर हात कसा ठेवतोस ते बघ आधी."

कोपर कुठे आपटलं की हातभर झिणझिण्या जातात ना, ती हीच नर्व्ह. मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, ती एका अरुंद बोळातून बोटांकडे जाते. सायकलवर आपण अंगाचा भार नेमका त्याच जागेवर टाकतो. सायकलवाल्यांचा हा इतका नेहमीचा त्रास आहे की डॉक्टरी पुस्तकांत त्याला 'सायकलिस्ट्स पाल्सी' असं नावच आहे.

घरी येऊन पहिल्यांदाच ग्रिप नीट बघितली. बाहेरच्या बाजूचं, जिथे तळहात टेकतो तिथलं रबर झिजून सपाट झालेलं. म्हणजे मी जवळजवळ उघड्या नळीवरच हात टेकवत होतो.

तरी बदलल्या का? छे! "पुढच्या पगाराला बघू." मग ऑगस्ट २०२४ मध्ये सिंहगडाच्या घाटातून भर पावसात उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि उजवी ग्रिप हातातच गोल फिरली. रबर आणि नळीच्या मध्ये पाणी गेलं होतं. मूठ फिरली, ब्रेकवरचं बोट सुटलं, पुढचं चाक कडेच्या चिखलात गेलं. पडलो नाही, पण मागून एक जीप येत होती, आणि ती थांबली हे तिच्या ड्रायव्हरचं कौतुक, माझं नाही.

तर माझं म्हणणं असं, की ग्रिप ही शोभेची वस्तू नाही. सायकलला तुमचं शरीर तीनच ठिकाणी लागतं. सीट, पेडल आणि ग्रिप. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत स्वस्त. काही शे रुपयांत चांगली मिळते, चैन करायची तर हजार-दीड हजार. तरी आपण पंधरा हजारांचा गिअरसेट आधी घेतो! आणि दुकानदार पाच फुटी मुलीला आणि सहा फुटी बाप्याला एकाच जाडीची ग्रिप देतो. बूट घेताना आपण हे चालवून घेऊ का?

हँडलच्या टोकांची जाडी जवळपास सगळ्या एमटीबींवर एकच असते, २२.२ मिमी. त्यामुळे कुठलीही ग्रिप कुठल्याही एमटीबीवर बसते. फरक बाहेरच्या जाडीत. साधारण २९ ते ३४ मिमीपर्यंत मिळतात. हात छोटा असेल तर बारीक घ्या, पंजा मोठा असेल तर जाड. मूठ वळल्यावर बोटांची टोकं तळहाताच्या जवळ यावीत, पण त्यात रुतू नयेत, एवढा अंदाज पुरे. "जेवढी जाड आणि मऊ, तेवढी चांगली" हा मात्र शुद्ध गैरसमज. जाड ग्रिप पकडायला छोटा हात जास्त आवळावा लागतो, आणि मग घाट उतरताना कोपरापर्यंत हात भरून येतो. जेलवाले ग्लोव्ह्ज हाही उपाय नाही. ते जाडी आणखी वाढवतात, आणि झिजलेली ग्रिप झिजलेलीच राहते.

मी शेवटी लॉक-ऑन घेतल्या, म्हणजे कडीच्या स्क्रूने हँडलवर आवळायच्या. आत प्लॅस्टिकची नळी, टोकाला ॲल्युमिनियमची कडी, छोट्या ॲलन कीने पाच मिनिटांत काम. पावसात फिरत नाहीत. तोटा एवढाच की आतल्या नळीमुळे रबराला जागा कमी उरते आणि बाहेरची कडी रुंद पंज्याला टोचते. म्हणून मी कडी फक्त आतल्या बाजूला असलेली निवडली. तळहात टेकायला पंख असलेल्याही मिळतात. जर्मनीतल्या कोब्लेंझच्या अर्गॉन कंपनीच्या प्रसिद्ध आहेत. लांब, सपाट रस्त्याला उत्तम, पण टेकडीवर उड्या मारत उतरताना मला तो पंख मध्ये येतो.

जुन्या काढणं ही वेगळी मजा. फेकायच्याच असतील तर कटरने उभा छेद द्या (हँडल कार्बनचं असेल तर चुकूनही नको). वाचवायच्या असतील तर कडेने बारीक काडी सारून आत मेडिकलमधलं स्पिरिट सोडा आणि पिळा. साध्या ग्रिप्स बसवतानाही स्पिरिटच, ते उडून जातं आणि रबर घट्ट धरतं. एका दुकानात माझ्या मित्राच्या ग्रिप्स चक्क तेल लावून सरकवल्या होत्या. बसल्या पटकन, पण कधीच धरल्या नाहीत! मोटरसायकलवाले मेकॅनिक पेट्रोल वापरतात. तेही उडतं खरं, पण रबराला मानवत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मुंग्या निम्म्याच कमी झाल्या. उरलेल्या निम्म्यांचा दोष सीटचा निघाला. तिचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो आणि सगळा भार हातांवर. ब्रेकचे लिव्हरही फार वर होते, मनगट मोडून धरावं लागायचं. दोन्ही ठीक केलं, फुकटात. पण बहिणीने "हात कसा ठेवतोस" विचारल्यावर मी ग्रिपकडे पाहिलं, म्हणून हे बाकीचं दिसलं. आता सोमवारी करंगळी शहाण्यासारखी वागते. कीबोर्ड उगाच घेतला, असो. टाइप करायला बरा आहे.

ता. क. – हँडलच्या टोकाची बुचं जुन्या ग्रिप्सबरोबर कचऱ्यात टाकू नका. नव्यांची टोकं बंद नसतील तर बुचं लावलीच पाहिजेत. पडलात तर उघडी नळी पोटात किंवा मांडीत पंचिंग मशीनसारखी घुसते. बूच हरवलं असेल तर नवीन मिळेपर्यंत राइड रद्द.